आजोबांचं बक्षीस, दादाचे डॉलर

एका ताईंचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं देतो.

"बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. नागपुरात महाल भागातल्या जुन्या घराचा माळा आवरताना आजोबांच्या ट्रंकेत एक इंग्रजी पुस्तक निघालं, 'द थ्री मस्केटिअर्स'. कातडी बांधणी, पाठीवर सोनेरी वेलबुट्टी, कडाही सोनेरी. आत चिठ्ठी चिकटवलेली आहे. आजोबांना १९११ साली कॉलेजात निबंधाबद्दल हे बक्षीस मिळालं होतं. पुस्तकावर छपाईचं साल कुठेच नाही. दादा म्हणतो, नेटवर असंच पुस्तक पंधरा लाखाला आहे, अमेरिकेतला मित्र विकून देईल, निम्मे निम्मे करू. मला विकायचं नाही. शिवाय हात लावला की बोटांना तपकिरी भुकटी लागते. वाळवी असेल का? आमचे हे म्हणतात, खोबरेल तेल चोळा. बर्डीचा बाइंडर साडेचारशे रुपयांत नवीन रेक्झिन चढवून देतो म्हणतो. दादाची मुलगी आठवीत आहे. ती सारखी ते पुस्तक उघडून बसायची, म्हणून मी ते प्रतापनगरला माझ्या घरी आणून कपाटात कुलूपबंद केलं. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलूनच नाही राहिला. काय करू?"

ताई, आधी खोबरेलाची बाटली जागेवर ठेवा. बाकीचं मग बोलू.

हे जरा दरडावून सांगतोय, कारण हा प्रकार मी स्वतः करून बसलो आहे. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, ग्रंथालयात कातडी बांधणीचे चाळीसेक जुने खंड होते आणि माझ्या अंगात उत्साह फार होता. कोणीतरी सांगितलं, कातडं आहे, त्याला तेल पाजा. एका रविवारी बसून मी सगळ्यांना तेल पाजलं. दोन दिवस काय चमक होती! मे महिन्यात त्यांच्यावर धूळ अशी बसली की पुसली तर चिखल व्हावा. पावसाळा लागल्यावर बुरशी आली, आणि तेल आत मुरून पहिल्या पंचवीस-तीस पानांच्या कडांना तेलकट डाग पडले. साहेबांनी फक्त विचारलं, "भजी तळली का?" तेल, बुटाचं पॉलिश, व्हॅसलीन, फर्निचरचं मेण, यातलं काहीही लावू नका.

ती भुकटी वाळवीची नसावी. खात्री करायची तर पांढरा रुमाल पाठीवरून हलकेच फिरवा. रुमालावर गेरूसारखा तांबूस डाग उठला, पण कातड्याला भोकं नाहीत, पानांत बोगदे नाहीत, मातीच्या रेघा नाहीत, तर तो किड्यांचा उद्योग नाही. कातडंच आतून झिजतंय. इंग्रजीत त्याला रेड रॉट म्हणतात. झाडांच्या सालीच्या अर्कात कमावलेलं कातडं हवेतला सल्फर डायऑक्साइड शोषतं, त्याचं हळूहळू आम्ल होतं आणि तंतू कुजून त्यांचं पीठ होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाईघाईने कमावलेल्या कातड्यांचं हे दुखणं इतकं वाढलं की १९००च्या सुमारास लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने पुस्तकांच्या कातड्यासाठी खास समिती नेमली होती. म्हणजे तुमच्या आजोबांच्या हातात बक्षीस पडलं तेव्हाच हा रोग ओळखीचा झाला होता. गंमत अशी की त्याहून दोनशे-तीनशे वर्षं जुनी पुस्तकं पुष्कळदा धडधाकट असतात.

झिजलेलं कातडं पुन्हा नवं होत नाही. झीज मंदावता येते, भुकटी बसवता येते. त्यासाठी संवर्धक मंडळी हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज हा डिंकासारखा पदार्थ अल्कोहोलमध्ये पातळ करून कुंचल्याने लावतात. यात पाणी वापरत नाहीत, कारण असं कातडं पाण्याने काळं पडतं आणि कडक होतं. हे घरी करायचं काम नाही. कागद आणि पोथ्यांचं संवर्धन करणारं माणूस मिळेपर्यंत पुस्तक जुन्या, धुतलेल्या, बिनरंगी सुती कापडात गुंडाळून आडवं ठेवा. आपल्याकडे पोथी बासनात बांधून ठेवतात ती रीत मूर्खपणाची नव्हती. लाल खारवा मात्र नको, त्याचा रंग उतरतो. प्लास्टिकची पिशवीही नको.

बाइंडरवर माझा राग नाही. त्याचा धंदा आहे, आणि हायकोर्टाचे निकाल किंवा पीएच.डी.चे प्रबंध बांधायला बर्डी-महालातली ही माणसं एक नंबर. पण तो काय करेल ते सांगतो. जुनं कातडं ओरबाडून काढेल, पानांच्या कडा समान दिसाव्यात म्हणून मशीनवर तीन बाजूंनी कापेल, म्हणजे सोनेरी मुलामा गेला. कव्हराच्या आतला कागद बदलेल, म्हणजे आजोबांची चिठ्ठी गेली. साडेचारशे रुपयांत तुम्हाला चकचकीत मरून रेक्झिनमधलं एक नवं पुस्तक मिळेल, आणि त्याचं कुणालाच काही वाटणार नाही, तुम्हालाही नाही. पाठ सुटली असेल तर सुती फितीने पुस्तक हलकं बांधून ठेवा. सेलोटेप चुकूनही लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून कागदात शिरतो.

आता दादाचे पंधरा लाख.

ही कादंबरी अलेक्झांडर ड्यूमाने फ्रेंचमध्ये लिहिली. पॅरिसच्या 'ल सिएक्ल' या दैनिकात ती मार्च ते जुलै १८४४ अशी क्रमशः आली, आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून यायच्या तशी. त्याच वर्षी बोद्री नावाच्या प्रकाशकाने ती पुस्तकरूपात काढली, आठ खंडांत. दादाने नेटवर जे काही पाहिलं असेल, ते बहुधा या आठ खंडांच्या जवळपासचं असणार. तुमचं पुस्तक इंग्रजी आहे आणि एकाच खंडात आहे. इंग्रजी भाषांतरं १८४६ पासून येत गेली आणि पुढच्या साठ वर्षांत इतक्या प्रकाशकांनी ती छापली की गणती नाही. त्यांतल्या पुष्कळांनी पुस्तकावर साल घातलंच नाही, कारण साल घातलं की पुस्तक शिळं दिसतं.

तुमच्याकडची बक्षिसाची प्रत असल्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी शाळा-कॉलेजांच्या बक्षिसांसाठी पुस्तकविक्रेते लोकप्रिय कादंबऱ्यांवर मुद्दाम कातडं चढवून, सोनं दाबून द्यायचे. आतली छपाई सर्वसाधारण आणि अंगावर शालू, असा तो प्रकार. दिसायला देखणा, पण दुर्मिळ नाही. जुनं, कातडी आणि सोनेरी या तीन शब्दांवर माणूस भुलतो. त्याहून भुलवणारं म्हणजे गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेत काही कंपन्यांनी वर्गणीदारांसाठी अभिजात कादंबऱ्यांच्या कातडी, सोनेरी कडांच्या, रेशमी खुणेच्या फितीच्या आवृत्त्या काढल्या. त्या आज जुन्या म्हणून खपवल्या जातात. तुमच्या पुस्तकाला तो धोका नाही. १९११ची चिठ्ठी आतल्या कागदाला मुळापासून चिकटलेली असेल तर पुस्तक त्याहून नवं असूच शकत नाही.

चित्रं आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाही. मोरिस लल्वार या चित्रकाराची या कादंबरीवरची चित्रं गाजलेली आहेत, त्यांची फ्रेंच आवृत्ती १८९४ची. चित्रं असतील तर सुरुवातीच्या यादीशी ताडून एकेक मोजा. चित्राचं पान फाडून भिंतीवर लावणारी माणसं प्रत्येक पिढीत असतात, आणि एक पान गेलं की संग्राहक तोंड फिरवतो. कातडं खरंच कातडं आहे का, तेही झिजलेल्या कोपऱ्यावर बघा. तिथे विणलेल्या कापडाचे धागे दिसले तर ते कातड्यासारखं रंगवलेलं कापड. मखमलीसारखी लव दिसली तर कातडं.

हे सगळं चांगलं निघालं तरी, झिजलेल्या कातड्यासकट, माझ्या अंदाजाने हे प्रकरण काही हजारांत बसतं. लाखांत बसत नाही. माझ्यावर विसंबू नका. आतलं शीर्षकाचं पान, त्याची मागची बाजू, पुस्तकाची पाठ, चिठ्ठी आणि सगळ्यात खराब झालेला भाग असे पाच फोटो काढून जुन्या पुस्तकांच्या दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांना पाठवा. खराब भागाचा फोटो लपवू नका. दादालाही एक सांगा, नेटवर दिसते ती मागणीची किंमत असते. मी माझी लूना पन्नास हजाराला आहे अशी जाहिरात देऊ शकतो. ती गेली कितीला, ते विचारायचं असतं.

अमेरिकेतल्या मित्राचं मात्र आजच थांबवा. १९७२चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंना लागू होतो, आणि अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. बक्षिसाची कादंबरी त्यात मोडते की नाही हे तुम्ही, मी किंवा दादाने ठरवायचं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय नागपुरातच आहे, तिथे विचारायचं. कुणाच्या सामानात टाकून पाठवलं आणि विमानतळावर अडलं तर पुस्तकही जाईल आणि मित्रही.

इथवर सगळं सोपं होतं. आता कुलपाचं बघू.

या ड्यूमाचा एक सहकारी होता, ऑगस्त माके. कथानकाचे सांगाडे, इतिहासाची शोधाशोध, कच्चे खर्डे तो करायचा आणि ड्यूमा त्यात जीव ओतायचा. पुस्तकावर नाव एकट्या ड्यूमाचं. पुढे दोघांचं बिनसलं आणि माके कोर्टात गेला. कोर्टाने त्याला पैसे दिले, नाव दिलं नाही. तुमचं पत्र वाचताना मला हा खटला आठवत होता. दादा पैसे मागतोय आणि तुम्हाला नाव हवं आहे, त्या चिठ्ठीवरचं. दोघांची मागणी एकाच वस्तूकडे, पण वेगवेगळ्या नाण्यात. म्हणून निम्मे निम्मे म्हटलं की तुम्हाला ते पुस्तक मधोमध फाडल्यासारखं वाटतं, आणि तुम्ही 'विकायचं नाही' म्हटलं की त्याला तुम्ही त्याच्या पंधरा लाखांवर बसल्यासारखं वाटतं. पंधरा लाख पाच-सात हजारांवर आले की निम्मं भांडण आपोआप गळेल. म्हणून आधी किंमत काढा, मग भांडा.

उरलेल्या भांडणाचं उत्तर त्याच पुस्तकात आहे, तुम्ही ते वाचलं असतं तर. (रागावू नका. कुलपात ठेवून वाचता येत नाही.) कथेत अथॉस या मस्केटिअरची एक घराण्याची नीलमची अंगठी असते. आईकडून आलेली, आणि नको त्या हातांतून फिरून परत आलेली. ती बोटात घालणं त्याला नको वाटतं. त्याचा मित्र दार्तान्यां म्हणतो, मग विकून टाक. अथॉस म्हणतो, आईकडून आलेला दागिना विकू? हे पाप मी करणार नाही. मग ती गहाण ठेवायची ठरते, तीही अथॉसच्या एका अटीवर. मिळतील ते हजार एक्यू (त्या काळची फ्रेंच नाणी) दोघांनी निम्मे घ्यायचे, पाचशे तुझे, पाचशे माझे. वारसाची वस्तू त्या घडीला तरी विकली जात नाही आणि गरजवंताच्या हातात पैसे पडतात. (पुढे अथॉस ती विकूनच टाकतो, तेवढं त्याचं ऐकू नका.)

तुमच्याकडे गहाणाची गरज नाही. दोन विक्रेत्यांनी सांगितलेल्या किमतींतली जी जास्त असेल ती धरा, तिची निम्मी रक्कम दादाला द्या आणि पुस्तक ठेवा. कमी किंमत धरलीत तर पुढची वीस वर्षं प्रत्येक दिवाळीत ऐकाल. पैसे देताना वहिनींना समोर बसवा. एका कागदावर दोघांच्या सह्या घ्या, आणि त्यात हेही लिहा की पुढे कधी विकायचं झालं तर आधी एकमेकांना विचारायचं. घरातल्या माणसाकडून सही घ्यायला लाज वाटते, मला ठाऊक आहे. आमच्याकडे एका पितळी घंगाळावरून दोन काका बारा वर्षं बोलत नव्हते. घंगाळाला मधल्या मध्ये भोक पडलं.

पण याआधी तुम्ही एक गोष्ट करायला हवी, आणि ती तुम्हाला आवडणार नाही. पत्रात तुम्ही 'सांभाळण्यासाठी' पुस्तक आणलं असं लिहिता. ते ज्या घरात शंभर वर्षं राहिलं त्या घरातून, बहुधा न विचारता, तुम्ही ते उचललंत, आणि कारण सांगितलंत त्याच्या मुलीच्या हाताचं. कुठल्या बापाला हे लागणार नाही? दादाचा अबोला पंधरा लाखांचा आहे असं तुम्ही धरून चालला आहात. मला तो त्या पोरीच्या हाताचा वाटतो. फोन करून बघा, खरं-खोटं कळेल.

शिवाय मला सांगा, १९११ नंतर तुमच्या घरात हे पुस्तक आपणहून उघडून बसलेलं दुसरं माणूस कोण? तुमच्या पत्रात तरी मला एकच दिसलं, ते आठवीत आहे. तिला हाकलून तुम्ही आजोबांची आठवण जपताय, म्हणजे दिवा जपायला वात काढून ठेवण्यातला प्रकार झाला.

तिच्या हाताने पुस्तकाचं नुकसान होतं, हे मात्र खरं आहे. त्याचा उपाय कुलूप नाही. वाचायला तिला दुसरी साधी प्रत घेऊन द्या. कादंबरीचे हक्क कधीच संपलेत, जुनी इंग्रजी भाषांतरं फोनवरही फुकट वाचता येतात. (जुन्या भाषांतरकारांनी मिलेडी या खलनायिकेचे प्रसंग बरेच झाकूनपाकून लिहिलेत, तेव्हा वहिनींनी काळजी करू नये.) आणि आजोबांची प्रत तिने महिन्यातून एकदा तुमच्याकडे येऊन उघडावी. उघडण्याची रीत तिला शिकवा. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. टेबलावर दोन उशा ठेवून त्यांच्या खळग्यात पुस्तक ठेवायचं, म्हणजे कव्हर काटकोनाच्या फार पुढे पडत नाही. जुनं कातडं नेमकं पाठीच्या सांध्यावर तुटतं. कपाटातून काढताना पाठीच्या वरच्या टोकात बोट घालून ओढायचं नाही, शेजारची पुस्तकं आत ढकलून मधून धरायचं. थुंकी लावून पान उलटायचं नाही, हे तिच्याऐवजी तुमच्या ह्यांना सांगावं लागेल, असं मला का कोण जाणे वाटतंय.

कपाट कुठे आहे, तेही बघा. लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं असेल तर आपल्या उन्हाळ्यात तो तंदूर होतो. आणि कूलरच्या झोतासमोर असेल तर त्याहून वाईट. दुपारी बाहेरची हवा ठणठणीत कोरडी, संध्याकाळी कूलर लावला की खोलीत दमट गारवा, असं अडीच महिने रोज. कातडं रोज आकसतं आणि फुगतं, त्यात सांधे तडकतात. आतल्या भिंतीचं लाकडी कपाट बरं, मधल्या खणात, भिंतीपासून चार बोटं पुढे. जुलैत पाऊस लागला की सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा दार उघडून पंखा लावा. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायचा मोह होईल. पुस्तकाला चिकटून तर मुळीच नको. कडुलिंबाचा पाला वाळवून, कापडाच्या पुरचुंडीत, वेगळ्या कोपऱ्यात ठेवलात तर माझी हरकत नाही. फार उपयोग होतो असंही मी म्हणणार नाही.

शेवटचं एक, पत्र दुसऱ्यांदा वाचताना सुचलेलं. तुम्ही लिहिता, आजोबांच्या ट्रंकेत हे पुस्तक 'निघालं'. बाकी काय निघालं? १९११च्या आसपास नागपुरात कॉलेजात शिकणाऱ्या मुलाची ट्रंक आहे ती. त्याच्या दोन-चार वर्षं आधी अच्युतराव कोल्हटकर संपादक असलेलं 'देशसेवक' हे पत्र याच गावातून निघत होतं. त्या काळची इथली मराठी साप्ताहिकं, चोपडी, नाटकांच्या जाहिराती, वसतिगृहाच्या हिशेबाच्या वह्या कुणी जपल्या नाहीत, कारण त्यांच्यावर कातडं नव्हतं आणि सोनं नव्हतं. मस्केटिअर्सच्या जुन्या इंग्रजी प्रती जगात ढिगाने आहेत. नागपुरात छापलेला एक पिवळा पडलेला मराठी अंक कदाचित कुठेच नसेल. विदर्भ साहित्य संघाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात असं काही नेऊन दाखवलंत तर तिथली माणसं तुम्हाला चहा पाजून बसवून ठेवतील.

ट्रंक अजून दादाच्याच माळ्यावर आहे ना? माळा आवरायला काढलाय म्हणजे रद्दीवाला एकदोन रविवारांत येईलच. पुस्तक कापडात बांधून सोबत घ्या, भाचीसाठी साधी प्रत घ्या आणि या शनिवारीच महालात जा.